आखाड्याची घटका आणि अभ्यासाचा तास

वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आली की आपल्या घराघरांतून एक ठराविक फर्मान निघते. खेळ बंद, फिरणे बंद, अभ्यास सुरू. या फर्मानाची पहिली गदा कोठे कोसळते हे पाहणे मोठे उद्बोधक असते. मोबाईल कसाबसा तग धरतो, कारण तो वडीलधाऱ्यांच्याही हातात असतो. दूरचित्रवाणीवर आजीची मालिका असते, म्हणून तीही वाचते. सकाळच्या व्यायामास मात्र कोणीच वाली नसल्यामुळे लंगोट खुंटीला जाऊन बसतो. ज्या मारुतीच्या हाती गदा, त्याच्याच उपासनेवर अशी गदा यावी हा योग मजेचा खरा. पण त्यात मुलांचे काही हित होते की नुसते पालकांचे समाधान होते, हे एकदा विचारून पाहण्यासारखे आहे.

या वेळी तो प्रश्न आम्हांस तुकईथडच्या एका वाचक भगिनींनी विचारला आहे. तुकईथड सर्वांस ठाऊक असेल असे नाही. बऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीत, मेळघाटच्या वेशीलगत हे गाव आहे. खंडव्याहून अकोल्यास जाणाऱ्या जुन्या मीटरगेज गाडीने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना या स्थानकाची पाटी आठवत असेल. २०१७ च्या आरंभी रुंदीकरणासाठी ती गाडी बंद झाली. गावाचे नाव कानावर पडताच मराठी माणसाला तुकाई आठवते आणि थड म्हणजे काठ हेही आठवते. परंतु नावावरून इतिहास रचण्याचा मोह आम्ही येथे आवरतो.

पत्राचा आशय असा. थोरला मुलगा आठवीत, हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकतो. त्याच्या आजोबांनी परसात माती खणून, तीत तेल, ताक, हळद घालून लहानसा हौद केला आहे. पहाटे हा नातू आणि शेजारपाजारची पाच-सहा मुले, त्यांत कोरकू वस्तीवरचीही दोघे, तेथे दंड-बैठका काढतात आणि कुस्तीचे डाव शिकतात. सहामाही परीक्षेत मुलाला गणितात अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले. यजमानांचे म्हणणे, हौद बुजवावा आणि सकाळची वेळ शिकवणीला द्यावी. मामंजींचे म्हणणे, हौद बुजवायचा असेल तर आधी मला त्यात बसवा. ‘दोघांची ताटे मी एकदमच वाढते, पण दोघांचे बोलणे मात्र दोन महिने माझ्यामार्फत चालले आहे,’ असे या भगिनी लिहितात. धाकटी मुलगी सहावीत आहे. तिच्या शाळेत मुलींसाठी तीन महिने कराटेचे शिक्षण आले होते. त्या दिवसांत ती वर्गात हात वर करू लागली, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ऐकू जाईल असे देऊ लागली. शिक्षण संपले आणि हळूहळू ती पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसली. शेवटी त्या विचारतात, ‘आखाड्याचा आणि अभ्यासाचा खरोखर काही संबंध असतो का, की हे सारे जुन्या माणसांचे बोलणे?’

संबंध असतो. तो मामंजी समजतात तितका सरळ नाही आणि यजमान समजतात तितका घातक तर मुळीच नाही.

यजमानांची बाजू आधी घेऊ, कारण ती नेहमी हसण्यावारी नेली जाते. दिवसाचे तास चोवीसच असतात. रात्री अकराला झोपून पहाटे पाचला हौदात उतरणारे मूल वर्गात दुसऱ्या तासाला पेंगणार, यात शंका नाही. आणि त्या पेंगण्याचे खापर गणितावर नव्हे तर आखाड्यावर फुटणार, यातही शंका नाही. लोकमान्य टिळकांचे उदाहरण व्यायामाच्या प्रत्येक सभेत दिले जाते, परंतु ते अर्धेच दिले जाते. १८७२ साली मॅट्रिक होऊन टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी तालीम आणि पोहणे यांना वाहिले, शरीर कमावले, आणि त्यापायी परीक्षेचे ते वर्ष गमावले. पुढे गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि १८७९ मध्ये कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. हा व्यवहार त्यांना फायद्याचा ठरला, पण तो व्यवहारच होता. एक वर्ष रोख मोजून त्यांनी आयुष्यभराची प्रकृती विकत घेतली. आठवीतल्या मुलाच्या पालकाने एवढी मोठी किंमत मोजावी असे आम्ही कोणासही सुचविणार नाही, आणि तशी ती मोजण्याचे कारणही नाही.

आता मामंजींची बाजू. सशक्त शरीरात सशक्त मन, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ तपासण्याचे भानच राहिलेले नाही. बाहूंचा घेर वाढला म्हणून अपूर्णांक सुटू लागत नाहीत. मातीत लोळून मोठे झालेले परंतु सहीपलीकडे लेखणी न धरलेले गडी आपल्या प्रत्येक गावात आहेत, आणि पायऱ्या चढताना धापा टाकणारे प्रकांड पंडितही आहेत. तेव्हा संबंध शोधायचा असेल तर तो दंडाच्या बेडकुळीत शोधून चालणार नाही. तो आखाड्यात मूल उभे कसे राहते, वाट कशी पाहते, पडल्यावर काय करते, यांत शोधावा लागतो.

या बाबतीत नुसत्या अनुभवावर विसंबण्याची गरज आता उरलेली नाही. २००४ साली अमेरिकेतील लेक्स आणि हॉइट या दोन अभ्यासकांनी एका शाळेवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवर्गापासून पाचवीपर्यंतची दोनशेसात मुले त्यात होती. काहींना नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास चालू ठेवला आणि काहींना त्या तासाऐवजी तायक्वांदो ही कोरियन युद्धकला शिकविली. तीन महिन्यांनी पाहता युद्धकला शिकलेल्या मुलांत चिकाटी, भावनांवरचा ताबा, इतरांशी वागणूक आणि वर्गातील शिस्त या गोष्टी अधिक सुधारलेल्या दिसल्या. तोंडी हिशोबाच्या चाचणीतही ती पुढे होती. लक्षात घ्यावे की दोन्ही गटांतील मुले घाम गाळतच होती. म्हणजे फरक पडला तो घामामुळे नव्हे. या मुलांना आरंभीच तीन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावली होती: मी कोठे आहे, मी काय करीत आहे, आणि मी काय करावयास हवे?

हे तीन प्रश्न वाचून आम्हांस आपल्या तालमींतले वस्ताद आठवले. त्यांनी मानसशास्त्राचे एक पानही उलटलेले नसते, परंतु ‘ध्यान कुठं हाय तुझं?’ एवढ्या एका वाक्यात ते पहिले दोन प्रश्न विचारून मोकळे होतात, आणि तिसऱ्याचे उत्तर समोरचा गडी देतो. मागच्या पकडीत काय चुकले याचा विचार करीत जो उभा राहतो तो पुढच्या पकडीत चीत होतो. गणिताच्या पेपरात तेच घडते. पहिले उदाहरण अडले म्हणून त्यातच मन गुंतवून बसलेला मुलगा, येत असलेली पुढची चार उदाहरणेही घालवून बसतो. घरी त्याला आपण ‘लक्ष दे’ असे दिवसातून वीस वेळा सांगतो, पण लक्ष देणे म्हणजे शरीराने नेमके काय करायचे हे कधी शिकवीत नाही. आखाड्यात ते शिकविले जाते. पाय कोठे, नजर कोठे, श्वास केव्हा.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती मामंजींनी व यजमानांनी दोघांनीही ऐकावी. १९८६ साली ट्रुल्सन नावाच्या अभ्यासकाचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. तेरा ते सतरा वयाची, वाईट वळणास लागलेली चौतीस मुले त्याने घेतली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्याला तायक्वांदो पारंपरिक रीतीने शिकविले. म्हणजे नमन, ध्यान, गुरूविषयी आदर, बळाचा वापर कोठे करू नये याची शिकवण, आणि मग हात-पाय. दुसऱ्याला तीच विद्या नुसती लढतीचे तंत्र म्हणून शिकविली. तिसऱ्याला पळणे आणि बास्केटबॉल दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील मुलांचा आक्रस्ताळेपणा आणि मनाची अस्वस्थता उतरली होती, स्वतःविषयीचा विश्वास वाढला होता. दुसऱ्या गटातील मुले पूर्वीपेक्षा अधिक आक्रमक झाली होती. चौतीस ही संख्या फार मोठी नाही, हे खरे. तरीही २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अॅडेल डायमंड व कॅथलीन ली यांनी मुलांच्या मनोनिग्रहास पोषक ठरणाऱ्या उपक्रमांचा आढावा घेतला तेव्हा या जुन्या प्रयोगाची त्यांनी आवर्जून दखल घेतली. जी मुले स्वतःस आवरण्यात सर्वांत मागे असतात त्यांनाच अशा उपक्रमांचा सर्वाधिक लाभ होतो, हेही त्यांनी नोंदविले आहे.

विद्या एकच, पण शिकविण्याच्या रीतीवरून मूल घडले किंवा बिघडले. म्हणून कराटे बरे की कुस्ती, ज्यूदो बरा की लाठी, या चर्चेत आम्हांस फारसे स्वारस्य नाही. पालकांनी विद्या निवडण्यापेक्षा शिकविणारा माणूस निवडावा, असेच आमचे या विषयावरील मत आहे. पुढचे सारे त्याच्याच अनुषंगाने आहे.

आणि असा माणूस निवडावयाचा तर आपल्या समाजाने फार लांब पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की तालीम, मल्लखांब वगैरे परंपरा पुण्या-मुंबईकडे राहिल्या आणि आपण त्यांना मुकलो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. मल्लखांबाच्या विद्येस नवे रूप देणारे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. निजामाकडून आलेल्या पहिलवानांना पुण्याच्या दरबारात कोणी जोड मिळेना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी खांबावर अंग कसून त्यांतील एकास लोळविले, अशी कथा सांगतात. १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला तो असीरगडच्या परिसरात, म्हणजे आजच्या बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या भूमीवर. तेथून तो ब्रह्मावर्तास, बिठूरला गेला आणि त्याच्या मागोमाग ही विद्याही उत्तरेत गेली. काशीत मराठी आखाडे उभे राहिले. काशीत जन्मलेली आणि बिठूरला वाढलेली तांब्यांची मनू, जी पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली, तिला मल्लखांब व घोडेस्वारी या दोन्हींचे शिक्षण मिळाले असे परंपरा सांगते. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्यात माणिकराव तयार झाले. मुसलमान गुरू आणि मराठी शिष्य, आणि त्या शिष्याने गुरूच्या नावाचे व्यायाममंदिर देशभर गाजविले. व्यायामावरचा मराठीतील दहा खंडांचा ज्ञानकोशही बडोद्यासच सिद्ध झाला, दत्तात्रेय चिंतामण मजुमदार यांच्या संपादनाखाली. ज्ञानकोशाच्या त्या जाडजूड खंडांकडे पाहिले म्हणजे आखाडा आणि पुस्तक यांचे वैर आपल्या वाडवडिलांना ठाऊक नव्हते हे पटते.

तुकईथडहून तर धारणी आणि परतवाडा ओलांडले की अमरावती. तेथे वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाचे पथक भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले, आणि पुढे मंडळाच्या छायेत शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले. दुसऱ्या दिशेला उज्जैन आहे. मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली झाली ती उज्जैनला. २०१३ साली मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला, आणि २०२० साली उज्जैनचे योगेश मालवीय यांना मल्लखांबाचे शिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. म्हणजे आपला मुलगा मल्लखांब शिकतो तेव्हा तो एकाच वेळी आजोबांची आणि आपल्या राज्याची अशी दोन्ही विद्या शिकत असतो. परप्रांतात राहणाऱ्या घराला याहून सोयीची गोष्ट कोणती असू शकेल?

मल्लखांबाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण अभ्यासाशी त्याचे नाते आम्हांस सर्वांत जवळचे वाटते. सागवानाचा किंवा शिसवीचा गुळगुळीत खांब, जमिनीवर आठ-साडेआठ फूट, वर निमुळता होत जाऊन शेवटी बोंड, आणि सर्वांगाला एरंडेल. सुरुवात अढीने होते. दोन्ही पायांनी खांबास विळखा घालून, हात सोडून राहावयाचे. पहिल्या दिवशी मूल घसरते, दुसऱ्या दिवशीही घसरते. परंतु ते घसरल्याचे त्याला कोणी सांगावे लागत नाही; खांब त्याच क्षणी सांगतो, कोणताही अपमान न करता सांगतो, आणि लगेच पुन्हा चढू देतो. वहीतल्या गणिताचे असे नसते. आज केलेली चूक चार दिवसांनी लाल शाईने परत येते. तोवर आपण काय विचार केला होता हे मूल विसरून गेलेले असते, आणि उरतो तो फक्त लाल शाईचा ओरखडा. ज्याने अढीवरून वीस वेळा घसरून एकविसाव्या वेळी तोल सावरलेला असतो त्याला चूक म्हणजे आपली लायकी नव्हे, एवढे अंगाने समजलेले असते. पुढे बगली, तेढी, दसरंग, फिरकी, सुईदोरा अशी एकेक पायरी येते. मागची पक्की झाल्यावाचून पुढची करू देत नाहीत. गणितही असेच शिकवावे लागते. भागाकार कच्चा राहिलेल्या मुलास बीजगणितात ढकलणारी शाळा आम्ही अनेक पाहिल्या, पण अढी न येणाऱ्या मुलास दसरंगावर ढकलणारा वस्ताद पाहिला नाही. कारण तेथे त्याचा परिणाम ताबडतोब जमिनीवर येऊन आदळतो.

मुंबईस शिवाजी उद्यानापाशी १९२५ पासून श्री समर्थ व्यायाम मंदिर चालत आले आहे. तेथील उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकविला. डोळ्यांनी खांब न दिसणारी मुले स्पर्शाने आणि स्मरणाने पुढची पकड शोधतात, यात अवधानाचे केवढे शिक्षण आहे याची कल्पना वाचकांनीच करावी. देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. आणि ज्यांना वाटते की ही मोठ्या शहरांची चैन आहे, त्यांनी छत्तीसगडातील नारायणपूरकडे पाहावे. अबूझमाडच्या अरण्यातील आदिवासी मुलामुलींचे मल्लखांब पथक २०२३ साली दूरचित्रवाणीवरील मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिले आले. तुकईथडच्या हौदात कोरकू वस्तीवरची दोन मुले येतात हे वाचून आम्हांस विशेष आनंद झाला तो याचसाठी. सागाचे रान उशाशी असलेल्या मुलखात खांबासाठी फार दूर जावे लागू नये. मात्र तो रीतसर खरेदी केलेला असावा, एवढे वनखात्याच्या वतीने सांगून ठेवतो.

आता माणूस निवडण्याविषयी. चांगला शिक्षक ओळखण्याची आमची खूण अगदी साधी आहे. एकदा न सांगता जावे आणि ज्यांची पाळी नाही अशी मुले काय करीत आहेत ते पाहावे. सहा मुलांच्या हौदात दोघे खेळतात तेव्हा चौघे बसून असतात. ती चौघे शांतपणे पाहत असतील, वस्ताद त्यांना मधूनच ‘याचा कोणता पाय चुकला?’ असे विचारीत असेल, तर ते मूल शाळेतही दुसऱ्याला विचारलेला प्रश्न स्वतःशी सोडवून पाहू लागते. चौघे एकमेकांना चिमटे काढीत असतील आणि शिक्षक मोबाईलवर बोलत असेल, तर फीची पावती कितीही सुंदर छापलेली असो, मूल घरी आणावे. दुसरी खूण अशी की चांगला शिक्षक धाकट्याला थोरल्याच्या हाती सोपवतो. आपल्याहून लहानास शिकविताना मुलाला स्वतःचे किती कच्चे आहे हे उमगते.

काही गोष्टींबद्दल मात्र आम्ही कठोर आहोत. छडीने शिकविणारा वस्ताद कितीही नामांकित असला तरी मुलास त्याच्याकडे पाठवू नये. मारामुळे मूल जे शिकते ते लपविणे असते, आणि ते वर्गातही लपवूच लागते. दर तीन महिन्यांनी नव्या रंगाचा पट्टा आणि त्यासाठी नवी फी, असा जेथे रिवाज आहे तेथे पट्टे मोजण्याऐवजी मुलास काय येते ते पाहावे. डोक्यावर मार बसेल अशा लढती वाढत्या वयात नकोतच. वजनी गटात बसण्यासाठी मुलास उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, घाम काढणे हा प्रकार तर सरळ घातकी आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असे वजन उतरविताना प्राणास मुकले. ती मोठी, धडधाकट मुले होती. आपल्या मुलास स्पर्धेत एक गट वर खेळावे लागले आणि तो हरला, तरी काही बिघडत नाही.

खुराकाविषयी घरोघर फार चिंता असते. तूप, बदाम, दोन लिटर दूध यांचा जो थाट सांगितला जातो तो दिवसभर कुस्ती करणाऱ्या पहिलवानाचा आहे, अर्धा-पाऊण तास अंग मोडणाऱ्या विद्यार्थ्याचा नव्हे. भाकरी, डाळ, भाजी, शेंगदाणे, जमेल तसे दूध किंवा अंडे, एवढ्यावर त्याचे उत्तम चालते. सकाळी हौदातून आलेले मूल उपाशीपोटी शाळेत जाऊ नये, याकडे मात्र आईने कटाक्षाने पाहावे. त्या एका चुकीने व्यायामाचा सारा लाभ पहिल्याच तासाला वाहून जातो.

आता वेळेचे गणित, ज्यावर बापलेकांचा अबोला अडला आहे. पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाकाठी सरासरी साठ मिनिटे अंगमेहनत हवी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वयाच्या मुलास झोप किमान आठ-नऊ तास हवी. तेव्हा पहाटे साडेपाचला हौदात उतरायचे असेल तर रात्री साडेआठ-नऊला दिवा मालवला पाहिजे, आणि तो एकट्या मुलाचा मालवून चालणार नाही. घर जागे असेल तर मूल झोपत नाही. आखाड्यामुळे अभ्यास मागे पडतो अशी तक्रार आमच्याकडे अनेकदा येते. तिच्या मुळाशी रात्रीचे दोन तास कोठे गेले हा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर क्वचितच आखाड्याकडे बोट दाखविते. यजमानांनी शिकवणी अवश्य लावावी, कारण गणितातली एखादी पायरी कच्ची असेल तर ती दंड काढून पक्की होणार नाही. फक्त ती संध्याकाळी लावावी. परीक्षेच्या दोन महिन्यांत लढती बंद ठेवाव्यात, म्हणजे ऐन वेळी मनगट मुरगळण्याचे भय नाही. सूर्यनमस्कार, थोडे दंड आणि पाच मिनिटे स्वस्थ बसून श्वास पाहणे, अशी अर्ध्या तासाची घटका मात्र परीक्षेच्या दिवशीदेखील मोडू नये. आणि मामंजींना आमची एक प्रार्थना आहे. हौदात उतरताना नातवाने मातीला हात लावून कपाळी लावावा असे ते शिकवितात, तसेच शाळेतून आल्यावर आज काय नवे शिकला हे त्यांनीच त्याला विचारावे. वस्तादाने विचारलेल्या अभ्यासाला जे वजन येते ते शिकवणीच्या मास्तरांच्या तगाद्याला येत नाही.

याच हौदाचा आणखी एक लाभ पत्रात नकळत आला आहे. हिंदी शाळेत दिवस घालविणाऱ्या त्या मुलाच्या तोंडी ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकेरी पट हे शब्द रोज पहाटे येतात. घरी जेवताना जी मराठी ‘हो’, ‘नको’, ‘वाढ’ यांपलीकडे जात नाही ती हौदात सकर्मक होते. आपल्या मंडळांतून मराठीचे वर्ग ओस पडतात अशी ओरड आम्हीही करतो. त्या वर्गांपुढे एक खांब रोवून पाहावा काय?

राहिली धाकटी कन्या, आणि खरे सांगावयाचे तर पत्रातील आम्हांस अधिक खटकलेली गोष्ट तीच आहे. नातवासाठी हौद खणला गेला, नातवावरून घरात अबोला झाला. नात मात्र तीन महिने हात वर करून पुन्हा मागच्या बाकावर गेली आणि त्यावरून कोणीच कोणाशी बोलणे टाकले नाही. समग्र शिक्षा योजनेखाली शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने स्वसंरक्षणाचे शिक्षण दिले जाते. त्यासाठी शाळेस महिन्याला पाच हजार रुपये याप्रमाणे तीन महिन्यांचे साहाय्य मिळते. योजना चांगली आहे. परंतु तीन महिन्यांत रुजलेले रोप चौथ्या महिन्यात पाणी तोडल्यावर सुकले तर दोष रोपाचा नव्हे. शाळेचे संपले तेथून घराने सुरू करावे. मुलीला जे सहा-आठ प्रकार आले आहेत ते तिने रोज आजोबांसमोर करून दाखवावेत. आजोबांना कराटे येत नसले तरी पाय डळमळतो की स्थिर आहे एवढे त्यांना नक्कीच कळते. जागा असेल तर तिच्यासाठी दोरीचा मल्लखांब टांगावा. त्यास जाड सुती दोर लागतो, वर भक्कम तुळई आणि खाली मऊ माती किंवा गवताची गादी. आंब्याच्या फांदीवर विसंबू नये. प्रथम दोन-तीन महिने जाणत्या माणसाचा हात पाठीशी हवाच. मुंबईच्या हिमानी परब या मल्लखांबपटू मुलीस २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, हे तिला जरूर सांगावे.

निमाड, खानदेश आणि वऱ्हाडच्या सीमेवर मुलींना दोरीचा किंवा मुलांना पुरलेला मल्लखांब शिकवू शकणारे कोणी गृहस्थ वा भगिनी वाचकांत असतील, तर त्यांनी आपले गाव, शिकविण्याची वेळ आणि किती मुले घेता येतील हे आम्हांस पोस्टकार्डावर कळवावे. फी घेत असल्यास तीही लिहावी. आलेली पत्रे तुकईथडला पाठवू, आणि पत्र धाडणाऱ्यांची हरकत नसल्यास येथे छापू.